नव्या बोलिंग बॉलचा लेआउट कसा ठरवायचा

नवा कोरा बॉल ड्रिलरसमोर, म्हणजे बॉलला बोटांची भोकं पाडून देणाऱ्यासमोर, ठेवला की तो पहिल्यांदा विचारतो, "लेआउट कुठला करू?" बरेचजण म्हणतात, "तुम्हाला योग्य वाटेल तो करा." काहीजण मोबाइल पुढे करतात आणि व्हिडिओत एखाद्या नावाजलेल्या खेळाडूच्या बॉलवर पिन कुठे आहे ते दाखवून "असाच हवा" म्हणतात. मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत. लेआउट बॉलवर आखला जातो, पण तो ठरतो तुमच्या हातावरून. बॉल हातातून सुटताना कोणत्या अक्षाभोवती फिरतो, किती वेगाने जातो आणि पिनपर्यंत पोचेपर्यंत किती गिरक्या घेतो, एवढं ठाऊक नसेल तर जगातला उत्तम ड्रिलरसुद्धा अंदाजच बांधेल.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत आठवड्याची लीग खेळणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आहे. पुण्या-मुंबईत अ‍ॅलीतल्या रॅकवरचे बॉल वापरून कंटाळलेल्या आणि आता स्वतःचा पहिला बॉल मागवणाऱ्यांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडेल. सगळी वर्णनं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी डाव्याचं उजवं करून वाचावं.

लेआउटने नेमकं काय बदलतं

बॉल बाहेरून गोल गुळगुळीत दिसला तरी आत एक जड, ठरावीक आकाराचा कोअर असतो. कोअरचं वरचं टोक जिथे येतं तिथे बॉलवर छोटा रंगीत ठिपका दिसतो. त्या ठिपक्याला पिन म्हणतात (लेनच्या टोकाला पाडायच्या पिन वेगळ्या). बॉल सुटतो त्या क्षणी तो ज्या अक्षाभोवती फिरत असतो, त्या अक्षाचं बॉलच्या पृष्ठभागावरचं टोक म्हणजे पॅप. उजव्या खेळाडूचा पॅप बॉलच्या उजव्या अंगाला असतो. भोकं कुठे पाडून पॅपच्या हिशेबात पिन कुठे आणायची, हे ठरवणं म्हणजेच लेआउट.

कोअरचं वजन अक्षाभोवती सारखं वाटलेलं नसतं, त्यामुळे बॉल लेनवरून जाताना अक्ष हळूहळू सरकत जातो. दर फेरीला बॉलचा थोडा वेगळा पट्टा लेनला टेकतो. लेनवर तेलाचा थर दिलेला असतो, म्हणून लेनवरून परत आलेल्या बॉलवर तेलाची एकाशेजारी एक कडी पंख्यासारखी पसरलेली दिसतात, त्याला फ्लेअर म्हणतात. फ्लेअर जास्त असेल तर दर फेरीला कोरडा पृष्ठभाग लेनला भिडतो आणि बॉल जास्त पकड घेतो.

बॉलचा घेर सुमारे २७ इंच असतो, त्याचा चौथा हिस्सा पावणेसात इंच. पिन बरोबर पॅपवर असेल किंवा पॅपपासून पावणेसात इंचांवर असेल तर फ्लेअर जवळजवळ नसतो. दोन्हींच्या मधोमध, म्हणजे ३ ३/८ इंचांवर, तो सर्वांत जास्त असतो. हे एवढं डोक्यात पक्कं असलं की लेआउटची अर्धी भाषा समजली.

पॅप मोजा

याला पर्याय नाही. पॅप ठाऊक नसताना "पिन अनामिकेच्या वर" असं सांगण्याचा फारसा उपयोग का होत नाही, ते एका उदाहरणाने सांगतो. अनामिकेच्या भोकाच्या इंचभर वर पिन असलेले दोन बॉल घ्या. एका खेळाडूचा पॅप ग्रिपच्या, म्हणजे बोटांच्या आणि अंगठ्याच्या भोकांच्या, मध्यापासून ४ इंचांवर आहे, दुसऱ्याचा साडेपाच इंचांवर, आणि दोघांचाही अर्धा इंच वर. पहिल्याचं पिन ते पॅप अंतर जेमतेम ४ इंच भरतं, दुसऱ्याचं पावणेपाचच्या पुढे जातं. दिसायला दोन्ही बॉल सारखे, पण पहिल्याचा फ्लेअर जवळपास कमाल, तर दुसऱ्याचा त्याहून बराच कमी. व्हिडिओत पाहिलेला लेआउट तुमच्या बॉलवर का चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मोजण्यासाठी तुमच्या मापाने ड्रिल केलेला प्लास्टिकचा स्पेअर बॉल सर्वांत सोयीचा. त्याला फ्लेअर नगण्य असल्याने तेलाची कडी एकमेकांवर पडतात आणि जवळजवळ एकच कडं दिसतं. नेहमीच्या सहजतेने बॉल टाका. परत आला की पुसू नका. कड्यावर तीन ठिकाणी ग्रीस पेन्सिलने खुणा करा. उजव्या अंगाला ज्या बिंदूपासून या तिन्ही खुणा सारख्या अंतरावर येतात, तो तुमचा पॅप. तिथे पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि पुन्हा टाका. मागून मित्राला मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करायला सांगा. बॉल सुटल्यावर लगेच टेप एका जागी स्थिर राहून फिरत असेल तर पॅप बरोबर आहे. टेप वर्तुळात डगमगत असेल तर पाव इंच इकडे-तिकडे सरकवून परत टाका. असे चार-पाच चेंडू बघून मधली जागा धरा, कारण दर वेळी हात अगदी तसाच सुटत नाही.

मग माप घ्या. अंगठा आणि दोन बोटांच्या भोकांच्या मधोमध ग्रिपचा मध्य असतो. त्यातून आडवी जाणारी रेषा म्हणजे मिडलाइन. या रेषेवरून उजवीकडे किती आणि तिथून वर किंवा खाली किती, अशा दोन आकड्यांत पॅप सांगतात. पुढच्या सगळ्या उदाहरणांत मी "५ उजवीकडे, अर्धा वर" हे माप धरलं आहे, कारण अंगठा वापरून खेळणाऱ्या अनेकांचं माप याच्या आसपास येतं. तुमचं आलं नाही तरी काही बिघडत नाही, फक्त ते लिहून ठेवा. चांगल्या प्रो शॉपमध्ये ड्रिलर तुमच्याबरोबर लेनवर येऊन हे करून देतो. तेवढा वेळ द्यायला तो तयार नसेल तर मी दुसरं दुकान शोधेन.

दर वर्ष-दोन वर्षांनी पॅप पुन्हा मोजावा. कोचकडे जाऊन बॉल सोडण्याची पद्धत बदलली असेल तर लगेच मोजावा.

वेग आणि फेरे

लेनच्या वरच्या पडद्यावर वेग दिसतो, पण बहुतेक ठिकाणी तो पुढे, पिनच्या बाजूला मोजलेला असल्याने सुटतानाच्या वेगापेक्षा कमी असतो. स्वतः मोजायचं तर व्हिडिओवरून बॉल लेनला टेकल्यापासून हेडपिनपर्यंतचा, म्हणजे सर्वांत पुढच्या पिनपर्यंतचा, वेळ काढा. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नसते त्या रेषेपासून, हेडपिन ६० फुटांवर आहे. २.४ सेकंद लागले तर सरासरी ताशी १७ मैल, म्हणजे २७ किलोमीटरच्या किंचित वर.

फेऱ्यांसाठी तोच टेपचा तुकडा वापरा, मात्र आता तो अशा जागी लावा की फिरताना स्पष्ट दिसेल. मोबाइल २४० फ्रेमवर ठेवा. सुटल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण फेरीला किती फ्रेम लागल्या ते मोजा आणि १४,४०० ला त्या आकड्याने भागा. ४८ फ्रेम लागल्या तर मिनिटाला ३०० फेरे.

या दोन आकड्यांवरून तुम्ही कोणत्या गटात बसता ते ठरतं. सुटताना ताशी १७-१८ मैल वेग आणि ३०० च्या आसपास फेरे असतील तर वेग आणि फेरे साधारण जुळलेले आहेत. तोच वेग पण २२० फेरे असतील तर वेग भारी पडतो, बॉलला वळायला वेळच मिळत नाही. ताशी १६ मैल आणि ३८० फेरे असतील तर फेरे भारी पडतात आणि बॉल फार लवकर वळतो. दोन्ही हातांनी खेळणारे बरेचसे या तिसऱ्या गटात येतात. ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमाँटमुळे ही शैली जगभर पसरली, पण त्याचे लेआउट त्याच्या फेऱ्यांसाठी आहेत, हे विसरू नका.

बॅगेत काय कमी आहे

पहिलाच बॉल असेल तर अवघड विचार करू नका. तुमच्या अ‍ॅलीत लीगसाठी बहुधा नेहमीचा हाउस पॅटर्न घालतात: मधल्या फळ्यांवर भरपूर तेल, कडेला थोडं, लांबी ४० फुटांच्या आसपास. त्यावर मध्यम ताकदीचा, अंदाज येईल असा बॉल हवा. दुसरा किंवा तिसरा बॉल असेल तर मात्र स्वतःला स्पष्ट विचारा: हाती असलेला बॉल नेमका कुठे कमी पडतो? दुसऱ्या-तिसऱ्या गेममध्ये तेल सरकल्यावर तो लवकर वळून हेडपिनच्या डाव्या बाजूला जातो का? की पहिल्याच गेममध्ये, तेल ताजं असताना, पॉकेटपर्यंत (हेडपिन आणि तिच्या उजवीकडची पिन यांमधली जागा) पोचतच नाही? ड्रिलरला हेच वाक्य सांगायचं. "स्ट्राँग लेआउट करा" हे वाक्य त्याच्या काहीच कामाचं नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण लेआउटवर रात्र-रात्र वाद घालणारे ती सोडून देतात. बॉल काय करेल यात सर्वांत मोठा वाटा पृष्ठभागाचा, म्हणजे कव्हरस्टॉकचा आणि त्याला मारलेल्या सँडिंगचा असतो. १००० ग्रिट (आकडा जितका मोठा तितका पृष्ठभाग गुळगुळीत) मारलेला बॉल आणि तोच बॉल पॉलिश केलेला, यांतला फरक कुठल्याही दोन समंजस लेआउटमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. म्हणून तेलकट लेनसाठी आधी योग्य कव्हरचा बॉल निवडा. चकचकीत, लांब जाणारा बॉल घेऊन लेआउटने त्याला लवकर वळायला लावण्यात पैसे घालू नका.

बॉल वाचायला शिका

बॉलचा कोअर सिमेट्रिक आहे की असिमेट्रिक हे खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत असतं. असिमेट्रिक बॉलवर पिनपासून पावणेसात इंचांवर आणखी एक खूण असते, तिला पीएसए किंवा मास बायस म्हणतात. सिमेट्रिक बॉलवर ती नसते, फक्त पिन आणि गुरुत्वमध्याची खूण असते.

दोन आकडे पाहावेत. पहिला आरजी: तो कमी असेल तर बॉल लवकर लोळायला लागतो, जास्त असेल तर उशिरा. अमेरिकेची बोलिंग संस्था यूएसबीसी २.४६ ते २.८० इंचांपर्यंत परवानगी देते. दुसरा डिफरन्शियल, जो फ्लेअरची क्षमता सांगतो. त्याची मर्यादा ०.०६० आहे. स्टॉर्मचा फेझ टू घ्या. तो सिमेट्रिक आहे, १५ पौंडात आरजी २.४८ आणि डिफरन्शियल ०.०५१. म्हणजे लवकर लोळणारा, भरपूर फ्लेअर देणारा बॉल. अशा बॉलवर पिन पॅपपासून ५ इंचांवर नेली तरी पुरेसा फ्लेअर उरतो. डिफरन्शियल ०.०३० च्या खाली असेल तर मात्र ५ इंचांवर तो फारच मंद होईल.

तीन आकडे

मो पिनेल या अमेरिकन बॉल डिझायनरने ड्युअल अँगल पद्धत रूढ केली. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं, पण प्रो शॉपमध्ये आजही त्यांचीच भाषा चालते. लेआउट "५० × ४ १/२ × ४०" असा लिहितात.

मधला आकडा पिन ते पॅप अंतर, तो वर पाहिलाच.

शेवटचा आकडा व्हॅल कोन. पॅपमधून मिडलाइनला काटकोनात जाणारी उभी रेषा म्हणजे व्हॅल. पिन ते पॅप रेषा तिच्याशी जो कोन करते तो हा. कोन लहान असेल तर पिन बोटांच्या वर जाते आणि बॉल घसरण्याकडून लोळण्याकडे झपाट्याने वळतो. कोन मोठा असेल तर पिन बोटांच्या खाली येते आणि वळण संथ, गोलाकार होतं. आपल्या उदाहरणातल्या पॅपला साडेचार इंच आणि ४० अंश धरले तर पिन मिडलाइनपासून साधारण साडेतीन इंच वर, अनामिकेच्या भोकाच्या इंचभर वर येते. तेच अंतर ठेवून ७० अंश केले तर ती दीड इंचाच्या आसपास उतरते, बोटांच्या खाली. लोक ज्याला पिन-अप आणि पिन-डाउन म्हणतात ते हेच. स्टॉर्मच्या पद्धतीत कोनाऐवजी व्हॅलपासून पिनचं अंतर सांगतात, त्याला पिन बफर म्हणतात. ४० अंश म्हणजे तिथे अडीच इंच. ड्रिलर कुठली पद्धत वापरतो ते आधी विचारून घ्या.

पहिला आकडा ड्रिलिंग कोन, पिनपाशी मोजलेला: एक रेषा पॅपकडे, दुसरी पीएसएकडे. तो लहान असेल तर बॉल लवकर वळायला लागतो, मोठा असेल तर उशिरा. असिमेट्रिक बॉलवर याचा परिणाम चांगलाच जाणवतो. सिमेट्रिक बॉलवर पीएसएच नसल्याने गुरुत्वमध्याची रेषा धरतात आणि परिणाम किरकोळ असतो. तिथे या आकड्यावर डोकं शिणवू नका, पिनचं अंतर आणि व्हॅल कोन नीट ठरवा.

आता गटाप्रमाणे माझी सुरुवातीची शिफारस. वेग आणि फेरे जुळलेले असतील तर ५० × ४ १/२ × ४०. पहिल्या बॉलसाठी मी डोळे झाकून हाच सांगतो, कारण तो कुठल्याही टोकाला जात नाही आणि पुढच्या बॉलची तुलना करायला चांगला आधार मिळतो. वेग भारी असेल तर बॉलला लवकर पकड हवी: ४० × ४ × ३०. फेरे भारी असतील तर बॉलला थोपवायचं आहे: ७० × ५ × ५०, आणि वळण आणखी गोल हवं असेल तर व्हॅल कोन ६० पर्यंत. दुसरा-तिसरा बॉल असेल तर आधीच्या बॉलपेक्षा एखादाच आकडा ठळकपणे बदला. पिनचं अंतर पाव इंचाने बदलून लेनवर फरक शोधत बसण्यात अर्थ नाही. किमान अर्धा-पाऊण इंच किंवा कोनात २० अंश तरी हवेत.

ज्यांचा ट्रॅक, म्हणजे बॉलवरचा तेलाच्या कड्यांचा पट्टा, भोकांच्या अगदी जवळून जातो त्यांनी ३ ३/८ इंचाच्या आसपास जाताना जपावं. फ्लेअर पसरून कडी भोकांवरून गेली की लेनवर टक्-टक् असा आवाज येतो आणि बॉलचा नेम राहत नाही. ही गोष्ट ड्रिलरला आधीच सांगा.

टेबलावर काय घडतं ते बघा

ड्रिलर आखत असताना शेजारी उभे राहा. असिमेट्रिक बॉलवर तो आधी पिनपासून पीएसएपर्यंत रेषा काढतो. मग पिनवर कोनमापक ठेवून ५० अंशांची दुसरी रेषा, तिच्यावर साडेचार इंचांवर खूण. ती खूण म्हणजे तुमचा पॅप. पॅपवर ४० अंशांचा कोन काढून व्हॅल आखतो. तुमचा पॅप अर्धा इंच वर आहे, म्हणून व्हॅलवरून अर्धा इंच खाली येतो, तिथून काटकोनात मिडलाइन काढतो आणि तिच्यावरून ५ इंच मागे येतो. तिथे ग्रिपचा मध्य. एवढं सगळं झाल्यावर मगच बोटांची आणि अंगठ्याची वर्तुळं.

भोकं पाडायच्या आधी त्याला दोन मिनिटं थांबवा. आखलेल्या वर्तुळांवर हात ठेवून पाहा, पिन अपेक्षित जागी आहे का. तुम्ही उजवे असाल तर पॅप उजव्या अंगालाच आखलाय ना, हेही पाहा. गर्दीच्या दिवशी डावखुऱ्याचा आणि उजव्याचा बॉल शेजारी असताना ही खात्री करून घेणं मुळीच आगाऊपणाचं नाही. हाताच्या मापांत, म्हणजे स्पॅन (अंगठ्यापासून बोटांच्या भोकांपर्यंतचं अंतर), पिच (भोकाचा कल) आणि अंगठ्याच्या भोकात, मात्र घाई करू देऊ नका. अंगठा अडकत असेल तर सुटण्याची पद्धतच बदलते, पॅप बदलतो आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. बोटं दुखणाऱ्या बॉलला चांगला लेआउट असा नसतोच.

नियमांचं थोडक्यात. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने वजन साधण्यासाठीचं जादा भोक बंद केलं. बॉलवरचं प्रत्येक भोक पकडण्यासाठी वापरलंच पाहिजे. त्यामुळे अंगठा न घालता खेळत असाल तर अंगठ्याचं भोक पाडूच नका आणि ड्रिलरला तसं सांगा. त्याच वेळी १० पौंडांवरच्या बॉलसाठी स्थिर वजनाची, म्हणजे बॉलच्या समोरासमोरच्या अर्ध्या भागांच्या वजनातल्या फरकाची, मर्यादा बाजूंनाही ३ औंस केली, म्हणून आता पिन आणि गुरुत्वमध्यातलं अंतर कितीही असलं तरी बहुतेक लेआउट नियमात बसतात. २०२० आधीचे लेख वाचताना त्यातले जादा भोकाचे सल्ले सोडून द्या.

पहिले काही गेम

नवा बॉल कारखान्यातल्या फिनिशसह येतो आणि तो फिनिश पहिल्या काही गेममध्ये बदलतो. म्हणून पहिल्याच संध्याकाळी निकाल देऊ नका. नेहमीच्या लेनवर, नेहमीच्या रेषेने टाका. दर काही चेंडूंनी बॉल पुसायच्या आधी कडी बघा: किती रुंद पसरली आहेत, भोकांपासून दूर आहेत का. कुठे वळायला लागतो आणि पॉकेटमध्ये शिरताना कोन कसा आहे, याचा व्हिडिओ काढा.

बॉल अपेक्षेपेक्षा लवकर किंवा उशिरा वळत असेल तर आधी सँडिंग बदलून पाहा. लवकर वळत असेल तर ग्रिट वाढवा, उशिरा वळत असेल तर कमी करा. पृष्ठभाग दोन-तीन प्रकारे बदलूनही वळणाचा आकारच चुकीचा वाटला, म्हणजे हवं होतं गोल आणि मिळतंय धारदार, तरच भोकं बुजवून पुन्हा ड्रिल करण्याचा विचार करा. त्यासाठी मूळ लेआउटचे तीन आकडे, पॅप, सँडिंगचा ग्रिट आणि तारीख एका कागदावर लिहून बॅगेच्या कप्प्यात ठेवा, फोटो मोबाइलमध्ये वेगळा. पुढच्या वेळी दुसऱ्या गावातल्या ड्रिलरकडे जावं लागलं तर तो कागद त्याच्या हातात द्या.